शरण आल्या, शिलाई मशीन मिळालं… पुढे काय? (गडचिरोली आणि दंडकारण्यातल्या माजी बंडखोर स्त्रिया)

ओंजळ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडते आहे.

१ जानेवारी २०२५ ला गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर विमला सिडाम ऊर्फ ताराक्का शरण आली. ऐंशीच्या दशकात नक्षलवादी (माओवादी) चळवळीत, जंगलात गेलेली अहेरी तालुक्यातली मुलगी, माओवाद्यांच्या दंडकारण्य भागाच्या वरिष्ठ समितीपर्यंत पोहोचलेली. तिच्यासोबत आणखी दहा जण होते. एकूण अकरांपैकी आठ स्त्रिया. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा नवरा, माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती, साठ साथीदारांसह शरण आला, तेव्हा वाहिन्यांवर दिवसभर दुसरं काही नव्हतं. त्या आठ स्त्रिया मात्र जानेवारीतल्या फोटोनंतर मला तरी कुठे दिसल्या नाहीत.

दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, या बायका काय काय करायच्या ते आठवा. गावात बैठका घेणं, जमिनीची आणि नवरा-बायकोची भांडणं सोडवणं, आजाऱ्याला इंजेक्शन देणं, माडिया, गोंडी, तेलुगू, हिंदी अशा चार-चार भाषांत बोलणं. बाहेर आल्यावर त्यांच्या हाती काय येतं, तर शिलाई मशीन नाहीतर शेळ्या. दोन्ही वाईट नाही, पोट भरायलाच हवं. पण ज्या भागात चाळीस वर्षं रक्त सांडलं, तिथे शांतता रुजवायच्या कामात या बायकांना जागा का नसावी? तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील.

सागवान

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रविवारी.

निखिल_पुणे

विषय चांगला आहे, पण क्रम चुकतोय असं माझं स्पष्ट मत. १ मे २०१९, जांभुळखेडा. नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात गडचिरोली पोलिसांचे पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. महाराष्ट्र दिनाला. त्यांच्या बायकांचं पुनर्वसन कसं झालं यावर आधी धागा काढा. ज्यांनी बंदूक उचलली त्यांना सरकार पैसे देतं, घर देतं, लग्न लावून देतं. आता शांतीदूत म्हणून मंचावरही बसवायचं? ज्या गावात यांनी 'खबऱ्या' म्हणून माणसं मारली, तिथल्या विधवेला काय वाटेल?

मोहफूल

निखिल, एकाच वेळी दोन्ही गोष्टी करता येतात की. एकीला न्याय मिळावा म्हणून दुसरीला कोपऱ्यात बसवायलाच हवं असं नाही.

परिचारिका_ताई

मी पूर्व विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी केली आहे. गाव सांगत नाही.

आमच्याकडे एक शरण आलेली बाई प्रशिक्षणासाठी येऊन बसायची. दलममध्ये ती 'डॉक्टर' होती. शिक्षण चौथीपर्यंत. पहिल्याच दिवशी एका पोराच्या पायाला कुऱ्हाड लागून आणलं होतं. मी हातमोजे शोधेपर्यंत तिने जखम धुऊन, कडा जुळवून, दाबून धरली होती. पोराशी माडियात बोलत होती आणि ते रडायचं थांबलं होतं. आमच्या डॉक्टरसाहेबांना माडियातला एक शब्द येत नव्हता, तरी दोन वर्षं ते तिथेच होते.

दुसरी गोष्ट मला जास्त लक्षात राहिली. गोळ्यांची रिकामी पाकिटं ती कधी टाकायची नाही. सगळी मोजून, रबर लावून ठेवायची आणि संध्याकाळी मला हिशेब द्यायची. जंगलात औषधाची एक गोळी म्हणजे काय ते तिला माहीत होतं. आमच्या भांडारात मात्र मुदत संपलेल्या औषधांचे खोके पडून होते.

मला वाटलं होतं हिला आशा (गावातली आरोग्यसेविका) म्हणून घेतील. शिक्षणाची अट आडवी आली. जातीचा दाखला नव्हता, शाळा सोडल्याचा दाखला नव्हता, रेशनकार्डावरून नाव कधीच उडालेलं. शेवटी ती शिवणवर्गाला गेली. तेव्हा ओंजळ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कागदपत्रांत आहे. तिचा अनुभव कुठल्याच फॉर्मवरच्या रकान्यात बसत नाही.

शाल्मली

परिचारिका_ताई, अंगावर काटा आला. प्लीज अजून लिहा.

आल्लापल्लीकर

नमस्कार. मी इथलाच. आमच्याकडची गोष्ट मुंबई-पुण्यात बसून चर्चा करून राहिले म्हणून बरं वाटलं, राग नाई.

तीन-चार गोष्टी सांगतो. आत्मसमर्पणाची योजना महाराष्ट्रात २००५ पासून हाय. आलेल्याले सुरुवातीला गडचिरोलीतच ठेवतात, गावाले जाऊ देत नाई, कारण गावात गेला का जुने साथीदार मारतील ही भीती. किती तरी जणांचा तसा मर्डर झाला बी हाय. म्हणून गडचिरोलीत शरण आलेल्यांची वेगळी वस्ती झाली, नवजीवन वसाहत. तिथल्या बायांनी बचत गट केला. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत शिकून आल्या आणि फिनाईल बनवून राहिल्या. 'क्लीन १०१' नावानं. आमच्या घरची फरशी त्याच्यानंच पुसतो. मागं मुंबईचा पाव्हणा आला तर दोन बाटल्या पिशवीत टाकून घेऊन गेला, म्हणे सोसायटीत दाखवतो!

पण वसाहत म्हणजे गाव नव्हं. गावात तिची माय हाय, धानाची बांधी हाय, भूमक्या (गावचा पुजारी) हाय, पंडुम (आमचा सण) हाय. चार भिंतीचं घर भेटलं तरी पंडुमाले गावात जाता येत नाई तर मन लागल का? मी इचारलं होतं एका ताईले. ती म्हणे, 'दादा, इथं मले सगळे ओळखतात, पण माहा नावानं कोणी बोलवत नाई.' सगळ्यांसाठी ती 'आत्मसमर्पित'च हाय.

ओंजळ

आल्लापल्लीकर दादा, हे वाचून पुढचं लिहायला थोडा वेळ घ्यावा लागला. मनापासून आभार.

निखिल, विधवेबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्यच आहे आणि तो बाजूला सारायचा नाही. पण दलममध्ये गेलेल्या मुलींतल्या कित्येक जणी बारा-चौदा वर्षांच्या होत्या. त्यांनी 'बंदूक उचलली' म्हणताना ते वय डोळ्यांसमोर असू द्या.

शाल्मली

मुली का गेल्या हेही बघा ना. १९८६ च्या सुमारास तिथे आदिवासी महिला संघटन उभं राहिलं, पुढे त्याचंच क्रांतिकारी आदिवासी महिला संघटन झालं. सुरुवातीचे विषय काय होते? जबरदस्तीची लग्नं, मुलीला पळवून नेणं, तेंदूपत्त्याच्या पुड्याला मिळणारे कवडीमोल पैसे, जंगल खात्याच्या लोकांचा त्रास. घरातून आणि बाहेरून दाबल्या गेलेल्या मुलीला तिथे पहिल्यांदा कुणीतरी 'तू बोल' म्हणालं. पुढे त्याच संघटनेने त्यांना काय करायला लावलं, किती जणी मेल्या, ते वेगळं आणि भयंकर आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये इंद्रावतीच्या काठी बोरिया-कसनासूरच्या चकमकीत चाळीसच्या आसपास गेले, त्यात मुली किती होत्या! पण बोलायची ती सवय शरण आल्यावर गळून पडत नाही. आपण तिला परत गप्प बसवलं, तर ज्या कारणाने ती गेली तेच कारण पुन्हा तयार करतोय.

सागवान

रविवार झाला, लिहितो.

धोरणात आकडे असे आहेत: केंद्राच्या योजनेत वरिष्ठ पदावरच्या व्यक्तीला ५ लाख, इतरांना अडीच लाख, शिवाय प्रशिक्षणाच्या काळात छत्तीस महिने दरमहा १०,००० रुपये. शस्त्र आणलं तर त्याचे वेगळे. राज्याचं बक्षीस वेगळं. किरकोळ गुन्हे मागे घेता येतात, गंभीर गुन्ह्यांचे खटले चालू राहतात. म्हणजे 'खून करून सुटले' असं सरसकट म्हणता येत नाही. निखिल, हे तुमच्यासाठी.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं धोरण एकेका व्यक्तीचं आहे. एक माणूस, एक हत्यार, एक ठेव पावती. गावाशी समेट कसा करायचा, पीडित कुटुंबाला काय सांगायचं, याची त्यात कुठलीच पायरी नाही. आणि ते चालवतात पोलीस. पोलिसांनी मनापासून काम केलंय यात शंका नाही. 'पोलीस दादालोरा खिडकी'तून हजारो दाखले आणि योजना लोकांपर्यंत गेल्या. पण सख्य घडवणं हे पोलीस ठाण्याचं काम नव्हे.

निखिल_पुणे

खटले चालू राहतात हे महत्त्वाचं आहे, धन्यवाद. पण प्रत्यक्षात किती टिकतात हा प्रश्न राहतोच.

मोहफूल

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. माओवाद्यांत लग्नाला परवानगी मिळायची तेव्हा पुरुषाची आधी नसबंदी करायचे. मूल झालं की बाई चळवळीतून जाते, हे कारण. शरण आलेल्या जोडप्यांपैकी कित्येकांची नसबंदी उलटवायची शस्त्रक्रिया गडचिरोली पोलिसांनी करवून दिली आणि त्यांना मुलं झाली. शरण यायचं कारण विचारलं की बऱ्याच बायका हेच सांगतात: आम्हाला लेकरू हवं होतं. पंधरा-वीस वर्षं शरीराचा निर्णय पक्ष घेत होता. बाहेर आल्यावर पहिला निर्णय स्वतःचा घेतला तो हा. मला यात खूप मोठं काहीतरी दिसतं.

सागवान

मोहफूल, दारूबंदी असलेल्या जिल्ह्याच्या धाग्यावर हे नाव घेऊन बिनधास्त फिरताय, धाडस आहे बुवा!

मोहफूल

अहो, भाकरीत घालतात ते मोह! आणि बरं आठवलं: १९९३ ची गडचिरोलीची दारूबंदी कुणामुळे झाली? गावोगावच्या बायकांनी सहा वर्षं लावून धरली म्हणून. म्हणजे बंदूक न घेता सरकारला वाकवणाऱ्या बायका याच जिल्ह्यात होत्या, त्याच काळात. ज्या जंगलात गेल्या आणि ज्या दारूच्या भट्ट्या फोडत होत्या, त्या एकाच पिढीतल्या, कदाचित एकाच गावच्या. त्या आज एका चावडीवर बसल्या तर काय होईल, याचा विचार करते आहे.

काठमांडूकर

मी मूळचा सांगलीचा, काही वर्षं कामानिमित्त नेपाळमध्ये होतो. तिथला अनुभव या धाग्यात यायलाच हवा.

२००६ च्या शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांनी माओवादी लढवय्यांची पडताळणी केली. १९,६०२ जण पात्र ठरले, त्यात ३,८४६ स्त्रिया. चार हजारांवर अपात्र ठरले, त्यातले बरेच जण लढाईत होते तेव्हा लहान होते म्हणून. २०१० मध्ये त्या मुलामुलींना छावणीतून बाहेर काढलं. शिक्षण सुटलेलं, हातात 'अयोग्य' असा शिक्का.

पात्र बायकांपुढे सैन्यात जाणं किंवा पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी जाणं, असे पर्याय होते. सैन्याच्या निवडीत शिक्षण, वय, शारीरिक अटी. बाळंतीण असेल, कडेवर मूल असेल, तर कशी बसणार? छावण्यांतच लग्नं झाली होती, बाळं झाली होती. बहुतेक जणी पैसे घेऊन बाहेर पडल्या. पैसे नवऱ्याच्या घरात गेले. आंतरजातीय लग्न म्हणून सासरच्यांनी दारात उभं केलं नाही, असं मला चितवनमध्ये एका बाईने सांगितलं. ती पूर्वी तुकडी चालवायची. मी भेटलो तेव्हा मोमोचं दुकान चालवत होती. दुकानासमोर पाण्याच्या नळावरून दोन बायकांची जुंपली, तर ती कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर गेली, दोघींच्या मध्ये उभी राहिली, घागरींची रांग लावून दिली आणि परत येऊन मोमो वळायला लागली. तिथे बसलेल्या कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. वॉर्डाच्या समितीवर मात्र तिला कुणी घेतलं नव्हतं.

दुसरी बाजूही आहे. २००८ च्या संविधान सभेत एक तृतीयांश स्त्रिया आल्या, त्यात माओवाद्यांचा मोठा वाटा. ओनसरी घर्ती मगर या माजी बंडखोर २०१५ मध्ये नेपाळच्या संसदेच्या पहिल्या महिला सभामुख (अध्यक्ष) झाल्या. म्हणजे वरच्या मजल्यावर दार उघडलं, तळमजल्यावर नाही.

गोदाकाठ

काठमांडूकरांच्या शेवटच्या वाक्यावरून: आमच्या शेजारीच एक उदाहरण आहे आणि धाग्यात अजून कुणी नाव घेतलं नाही! सीताक्का.

मी सिरोंच्याची. नदी ओलांडली की तेलंगणा. मुलुगूच्या आमदार दनसरी अनसूया उर्फ सीताक्का, कोया समाजाच्या. कोवळ्या वयात नक्षल चळवळीत गेल्या, नव्वदच्या दशकात बाहेर आल्या. मग कायदा शिकून वकिली केली. २००९ मध्ये आमदार. २०२२ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची पीएचडी, विषय होता गोत्ती कोया या स्थलांतरित आदिवासींची वंचना. २०२३ च्या डिसेंबरपासून तेलंगणाच्या मंत्री, पंचायत राज आणि महिला-बालकल्याण. कोविडच्या टाळेबंदीत डोक्यावर धान्य घेऊन ओढे-नाले पार करत पाड्यांवर जात होत्या, ते व्हिडिओ आमच्याकडे घरोघरी फिरले.

माझी आई त्यांना बघून म्हणाली होती, 'ही बंदूक घेऊन जिथे फिरली तिथेच तांदूळ घेऊन फिरते आहे, तिला वाट माहीत आहे.' आईने एका वाक्यात सांगितलं ते मला लांबण लावूनही सांगता आलं नसतं.

आल्लापल्लीकर

गोदाकाठ ताई, बरोबर! सीताक्कांची गोष्ट आमच्याकडं बी सांगतात. पण त्याईले शिकायले वेळ भेटला आणि पक्षानं तिकीट दिलं. आमच्याकडं आजवर कोण्या पक्षानं शरण आलेल्या बाईले साध्या ग्रामपंचायतीचं तिकीट देल्लं का? पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभेले अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) गावात सरपंच आदिवासीच पाहिजे, बायांले अर्ध्या जागा राखीव. मग अडचण कोठं हाय?

वर्दीतलं_घर

बरेच दिवस वाचतेय, आज लिहायचं धाडस केलं. माझे वडील गडचिरोलीत पोलीस होते.

२१ मे २००९ ला धानोरा तालुक्यात हत्तीगोट्याला सोळा पोलीस मारले गेले. त्यात पाच महिला पोलीस होत्या. माझ्या वडिलांनी त्यातल्या दोघींना कवायत शिकवली होती. त्या मुलीही आदिवासी आणि समोरच्या बाजूलाही आदिवासी मुली असणार. वडील त्यानंतर कित्येक दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

त्यामुळे निखिल, तुमचा राग मला परका नाही. तरी मी ओंजळच्या बाजूने आहे. कारण पुढे त्याच वडिलांनी शरण आलेल्या मुलींचे दाखले काढायला तहसीलच्या खेपा घातल्या. निवृत्तीनंतर त्यातली एक राखी घेऊन येते. आईने पहिल्या वर्षी तिला ओसरीतच बसवलं, चहा दिला, आत बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात बोलावलं. मधल्या वर्षभरात आईच्या मनात काय झालं ते आईने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिला वेळ लागला, आणि तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. गावांनाही तसा वेळ द्या एवढंच म्हणणं आहे. मंचावर हार घालून एका दिवसात समेट होत नाही.

निखिल_पुणे

वर्दीतलं_घर, तुमच्या प्रतिसादापुढे माझ्याकडे वाद घालायला काही नाही. मुद्दा मात्र सोडत नाही: पीडित कुटुंबांना या प्रक्रियेत पहिली खुर्ची हवी. ती मिळणार असेल तर माझा विरोध नाही.

शाल्मली

दंतेवाड्याचं सांगायचं राहिलं. २०१९ मध्ये तिथे दंतेश्वरी फायटर्स म्हणून महिला कमांडोंची तुकडी केली, तीत शरण आलेल्या स्त्रियाही आहेत. याचं कौतुक खूप होतं. मला ते पटत नाही. एका बाजूची बंदूक ठेवून दुसऱ्या बाजूची द्यायची, तिच्याच जुन्या मैत्रिणींवर रोखायला, हे पुनर्वसन कसं? त्यापेक्षा २०२५ च्या नोव्हेंबरात जगदलपूरला सुरू झालेलं पंडुम कॅफे मला आवडलं. शरण आलेले आणि नक्षली हिंसेत होरपळलेले लोक मिळून ते चालवतात. एकाने चहा करायचा, दुसऱ्याने गिऱ्हाईकाला द्यायचा. निखिल म्हणतात ती खुर्ची तिथे आहे, बघा.

सागवान

कमांडोबद्दल असहमत. काही जणींना तेच काम येतं, पगार आहे, निवृत्तिवेतन आहे, रुबाब आहे. त्यांची निवड असेल तर आपण कोण? दुसरा पर्याय मात्र समोर ठेवलेला असावा, मगच ती निवड म्हणायची.

आणि कोनसरीच्या लोह प्रकल्पात शरण आलेल्यांना नोकऱ्या दिल्या, त्याचं काय म्हणाल? त्याला खनिज पुरवणाऱ्या सूरजागडच्या खाणीलाच तर विरोध होता.

मोहफूल

खाणीचा विषय काढला तर धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल. वेगळा काढा, मी येते.

काठमांडूकर

ओंजळ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कोलंबियात २०१४ साली हवानाच्या वाटाघाटींत सरकार आणि फार्क बंडखोर, दोन्हीकडच्या स्त्रियांची वेगळी उपसमिती केली आणि २०१६ च्या करारात तिचं म्हणणं कलमाकलमांत आलं. तरी पुढे शेकडो माजी लढवय्ये मारले गेले, म्हणजे कागदाने सगळं होत नाही. पण तिथे स्त्रिया करार लिहायला बसल्या होत्या. आपल्याकडे करारच नाही, फक्त शरणागती आहे. मग बायकांनी बसायचं तरी कुठे?

ओंजळ

ग्रामसभेत!

गेले काही दिवस तुम्हा सगळ्यांचं वाचताना हेच मनात येत होतं. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. आज जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा लिलाव स्वतः करतात, लाखोंचा हिशेब ठेवतात. तिथे काय लागतं? चार भाषा बोलणारी, ठेकेदाराला न घाबरणारी, रात्रभर बैठक चालवू शकणारी, रिकाम्या पाकिटांचाही हिशेब देणारी बाई. जल, जंगल, जमीन म्हणत ती गेली होती ना? आता कायदाच तो अधिकार ग्रामसभेला देतो. ज्या ग्रामसभांना मान्य असेल तिथे अशा बायकांना वनहक्क समितीसोबत मानधनावर जोडून द्या. आधी पीडित कुटुंबांशी बोलून, गावाने होकार दिल्यावरच. शिलाई मशीन राहू दे घरी, बाजूला.

आल्लापल्लीकर

हे होऊ शकते. दोन अडचणी सांगतो. एक, सुरक्षा. आता दलमं कमी झाली म्हणून भीती कमी झाली, संपली नाई. दोन, शरण आलेल्या बाईचं नाव मतदारयादीत गडचिरोलीच्या पत्त्यावर असते. गावच्या ग्रामसभेची ती सदस्यच होत नाई. आधी नाव गावात लावा लागन.

परिचारिका_ताई

आणि जातीचा दाखला. वाडवडिलांची १९५० आधीची नोंद मागतात. त्या भागात जन्माच्या नोंदी कुठे होत्या? कोतवाल बुकाची (गावातल्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, असलं काही शोधून काढावं लागतं. हे काम जाणणारे कोणी निवृत्त तलाठी, नायब तहसीलदार इथे आहेत का?

वर्दीतलं_घर

वडिलांना विचारलं. त्यांनी अशी बरीच प्रकरणं केली आहेत. कोणते कागद, कुठल्या टेबलावर, कुठल्या क्रमाने, ते सगळं त्यांच्या वहीत आहे. टाईप करून उद्या इथे टाकते. नावं-गावं काढून टाकते आधी.

निखिल_पुणे

टाईप करायला मी मदत करतो. वहीचे फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.